आयक

३ एप्रिल

पाणी संस्थेच्या ऑफिसातलं जुनं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, बंद पडलं. पाणी सोडणारा आमचा वॉलमन बिराप्पा फोनवर म्हणाला, "बाई, डबडं पेटंना." मी विचारलं, पेटायला ती चूल आहे का? तो हसला. मला हसू आलं नाही. एप्रिल महिना आहे आणि सहा वस्त्यांचं पिण्याचं पाणी त्या डबड्यावर चालतं.

नवं मशीन घेऊन सांगलीहून निघाले. कवठेमहांकाळ ओलांडून गावात पोहोचेपर्यंत गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता, इतकं ऊन.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर या पाणी योजनेचं मानद सचिवपद मी स्वतःहून घेतलं. योजना कशी चालते ते एकदा नीट लिहून ठेवते, कारण प्रत्येक बैठकीत मलाच समजावून सांगावं लागतं. सहा टाक्या आहेत. प्रत्येक टाकीवर एक बॉक्स, त्यात छोटं यंत्र, सिमकार्ड आणि मोटरने फिरणारा व्हॉल्व. ऑफिसातल्या मशीनवर 'हाक' नावाचा प्रोग्राम. काळ्या पडद्यावर 'हाक' लिहायचं, टाकीचं नाव लिहायचं, पुढे दोन आडव्या रेघा मारून काय हवं तो शब्द, म्हणजे ऑप्शन. बॉक्स ऐकतो, करतो, उत्तर देतो. चित्रं नाहीत, रंगीत बटणं नाहीत. मला अशीच साधनं आवडतात.

हाक लिहिला धनाजी मेटकरीने. माझा विद्यार्थी. शेवटच्या वस्तीवरच्या सुलाबाईचा मुलगा. हुशार होता. आता कोइमतूरला विट्याच्या एका माणसाच्या गलाईच्या दुकानात सोनं गाळतो. डिप्लोमा पहिल्या वर्गात आणि काम भट्टीपुढे. का गेला कोण जाणे.

नव्या मशीनवर हाक चालेना. तो आतून नेटकॅट नावाचं, दोन यंत्रांचं बोलणं जोडून देणारं जुनं साधन वापरतो आणि त्याला '-क्यू' हे ऑप्शन देतो. त्याचा अर्थ, बोलणं संपलं की इतक्या सेकंदांनी फोन ठेव. नव्या मशीनवरच्या नेटकॅटला '-क्यू' माहीतच नाही. नाव तेच, काम तेच, पण बनवणारे वेगळे. 'अवैध ऑप्शन' म्हणतं आणि मोकळं होतं. एका अक्षरासाठी सहा वस्त्या तहानलेल्या ठेवणाऱ्या या लोकांना काही वाटत कसं नाही?

ते अक्षर काढून दुसरी वाट काढली. संध्याकाळी पाणी सुटलं. पण हाक एकदा मुळापासून नीट करायला हवा.

५ एप्रिल

हाक उघडून बसले. कोड स्वच्छ आहे, माझ्या हाताखाली शिकलेल्याचा आहे हे कळतं. पण ऑप्शनची नावं! --हाय-का म्हणजे पाणी आहे का. --सोड. --बास म्हणजे बंद कर. --लय म्हणजे पुन्हा पुन्हा प्रयत्न कर. आणि बॉक्सने कान उघडे ठेवून बसावं यासाठी --आयक. अक्षरं रोमन आहेत, पण उच्चार हेच.

ही काय भाषा झाली? योजनेच्या उद्घाटनालाही धनाजी माईकवर "आमी ह्ये असं केलंय" म्हणून सुरू झाला होता. मी तिथल्या तिथे माईक घेऊन त्याचं वाक्य नीट करून सांगितलं आणि त्याला पुन्हा म्हणायला लावलं. पाहुणे हसले, टाळ्या पडल्या. त्याच्या भल्यासाठीच केलं. बाहेरच्या जगात असं बोलणाऱ्याला कोण उभं करतं? महिन्याभरात तो गेला. जाताना भेटायलाही आला नाही. हल्लीच्या मुलांना जाण नसते.

नवी नावं ठरवली. --आहे-का. --प्रारंभ. --विराम. --वारंवार. --ऐक. जुनी काढून टाकली. एका कामाला दोन दोन नावं ठेवून कोड फुगवायचा नाही, हे मी वर्गात अनेक वर्षं सांगितलं आहे.

चुकीचं काही दिलं तर हाक म्हणेल, 'अनोळखी ऑप्शन. कृपया --मदत पाहावी.' 'बघा' लिहिलं होतं, ते खोडून 'पाहावी' केलं.

८ एप्रिल

नवा हाक सहाही बॉक्सना ऑफिसातूनच पाठवला. एकाच आज्ञेत. कुठे जायला नको, शिडी चढायला नको. मग प्रत्येक टाकीला --आहे-का विचारलं. सहाही बोलल्या. काम नीट झालं की जो आनंद होतो तो अजून होतो.

बिराप्पाची कुरकुर. त्याने सवयीने --सोड दिलं.

"बाई, ह्ये मला अनोळखी म्हनतंय. मी रोज येतोय की हितं."

"तुला नाही म्हणत. शब्दाला म्हणतंय. आता --प्रारंभ लिहायचं."

"पारंब?"

"प्रारंभ."

"आवं, सोड म्हनलं की पानी सुटतंय. ह्यात कुठं आलं पारंब?"

भिंतीवर तक्ता लावून दिला. शिकेल. सगळेच शिकतात.

सुलाबाई दवाखान्यात गुडघे दाखवून ऑफिसात टेकली होती. धनाजीची आई. दर वर्षी दिवाळीनंतर कळप घेऊन नदीकाठाला जायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतायची. यंदा टाकीच्या भरवशावर पहिल्यांदा घरी राहिली. मोठा कळप दीर घेऊन गेला, हिच्याजवळ नुकत्याच व्यायलेल्या मेंढ्या आणि कोकरं.

"डाक्टर म्हनला, औंदा चाललीस तर फुडच्या साली बसूनच ऱ्हाशील," ती म्हणाली. "म्या म्हनलं, चालायचं कशाला? पोरानं दारात पानी आनलंय."

मी म्हटलं, आता व्यवस्था आणखी चांगली केली आहे.

"बाई हाईसा म्हनून बरं हाय," म्हणाली.

१६ एप्रिल, सातारा

दादाकडे आले आहे. सयाजीदादा फौजेच्या सिग्नल दलात, म्हणजे संदेशवहनात होता. सुभेदार म्हणून निवृत्त झाला, पण हुकूम देणं निवृत्त झालेलं नाही. जेवताना हाकबद्दल सांगितलं. कौतुक करेल वाटलं होतं.

"शालू, जुनी ऑप्शनं ठेवलीस ना?"

"कशाला?"

"अगं, पिंगला '-सी' देऊन आकडा दिला की पलीकडच्या मशीनला, जागं हाय का म्हणून, तेवढेच आवाज देतं आणि थांबतं. मी जबलपूरला शिकलो तवापासून. आजही तेच. कुणाची छाती न्हाई त्याला हात लावायची. का? तर ते '-सी' कुठल्या चौकीवर, कुठल्या कपाटातल्या मशीनमध्ये कोण लिहून ठेवून गेलंय, ह्याचा पत्ता कुणालाच नसतो. नवं नाव खुशाल जोड. जुनं मारायचं न्हाई."

"जुनं चूक असलं तरी?"

"चूक म्हंजे काय? चालत हुतं ना?"

वहिनी म्हणाल्या, "बहीण वर्षातनं एकदा येते, तिला आमटी वाढू द्या आधी. मग कोर्टमार्शल करा."

फौजेचं सगळं वेगळं असतं. तिथे कुणी काही सुधारत नाही, म्हणून जुनं टिकतं. मी वाद वाढवला नाही.

चारच्या सुमारास बिराप्पाचा फोन. "बाई, वळवाचं वारं लय झालं. पानी चार थेंब, पर खांब आडवं झाल्यात. समद्या वस्त्यांची लाइट गेली." म्हटलं, वीज आली की बॉक्स आपोआप सुरू होतात, काळजी करू नकोस.

१८ एप्रिल

काल रात्री वीज आली. टाक्या बोलत नाहीत. सहापैकी एकही नाही.

सकाळच्या गाडीने साताऱ्याहून थेट इकडे आले. पिंग करून पाहिलं. पिंगला उत्तर येतं. म्हणजे वीज आहे, सिम चालू आहे, यंत्र जागं आहे. हाक लावला की 'जोडणी नाकारली'. घरात माणूस आहे, खोकल्याचा आवाज येतो, पण दार उघडत नाही, असा प्रकार.

सिमच्या कंपनीशी तासभर भांडले. ती मुलगी शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमचं यंत्रच ऐकत नाहीये." मी तिला सुनावलं की आमच्या यंत्रात काही दोष नाही, मी स्वतः तपासलं आहे.

हाताने व्हॉल्व फिरवावा, तर टाक्यांवरचे दांडे मीच काढून घ्यायला लावले होते. जो तो येऊन फिरवायचा, पाण्याला शिस्त राहत नव्हती. आता फक्त फाट्यावरचे मोठे व्हॉल्व हाताने फिरतात, पण टाकीचा बंद असेल तर त्यांचा उपयोग नाही.

पाच वस्त्यांना टँकर सुरू केला. शेवटच्या वस्तीला जात नाही, ओढ्याच्या उतारावर ड्रायव्हर गाडी घालत नाही.

१९ एप्रिल

सुलाबाईचा फोन.

"बाई, टाकी बोलंना व्हय?"

"दुरुस्ती चालू आहे."

"मानसांचं भागतंय. मधल्या वाडीवनं दोन कळश्या आनती. म्हेंढरांचं कसं करावं? व्यायलेल्या मेंढीला पानी न्हाई मिळालं तर दूध आटतंय. कोकरं मरत्यात बाई."

मी म्हटलं, दोन दिवस दे.

कशाच्या बळावर म्हटलं, माहीत नाही.

२० एप्रिल

बॉक्समध्ये बाहेरून शिरायला दारच नाही. हाक ऐकेल तेवढंच. सुरक्षितता अशीच हवी, हे मीच शिकवलं होतं. म्हणजे टाकीवर चढायचं, बॉक्स उघडायचा, तार जोडायची. आणि पासवर्ड.

धनाजीला फोन करावा लागला. तो गेल्यापासून पहिल्यांदा.

"नमस्कार बाई. आपण कशा आहात?"

मी थक्क झाले. एकही शब्द वाकडा नाही. पासवर्ड विचारला. त्याने एकेक अक्षर सावकाश सांगितलं, मला परत म्हणून दाखवायला लावलं.

"धनाजी, काय झालं असेल तुला वाटतं?"

मागे भट्टी घुमत होती. "मी तिथे नाही, बाई. आपण तज्ज्ञ आहात. आपणच पाहावं."

"तुझी आई..."

"आईशी माझं रोज बोलणं होतं. धन्यवाद."

इतकं शुद्ध बोलायला लागला आहे! परक्या मुलखात राहूनही. समाधान वाटलं. मग फोन ठेवल्यावर का कोण जाणे, लिहून घेतलेला पासवर्ड पुन्हा पुन्हा वाचत बसले.

दुपारी मधल्या वाडीच्या टाकीवर चढले. बिराप्पाने शिडी धरली. लॅपटॉप जोडला. पडद्यावर एकच ओळ खालून वर सरकत होती. पुन्हा पुन्हा, न थांबता.

अनोळखी ऑप्शन. कृपया --मदत पाहावी.
अनोळखी ऑप्शन. कृपया --मदत पाहावी.

वीज आली की बॉक्स आधी स्वतःच स्वतःच्या हाकला उठवतो, 'हाक --आयक' म्हणून. ही ओळ धनाजीने प्रत्येक बॉक्सच्या पोटात लिहून ठेवली आहे. मी हाक बदलला. ती ओळ बदलली नाही, कारण ती आहे हेच मला माहीत नव्हतं. वीज जाईपर्यंत जुना हाक आत चालू होता, आणि ऑफिसातून आज्ञा शब्दांत नाही, आकड्यांत जाते, म्हणून नवे शब्द त्याला अडले नाहीत आणि माझी तपासणी पास झाली. वीज गेली, आली, बॉक्सने 'आयक' म्हटलं, आणि माझ्या हाकने त्याला सांगितलं की तू अनोळखी आहेस. तीन दिवस सांगतोय.

बिराप्पाने खालून विचारलं, "घावलं का बाई?"

"सापडलं," म्हटलं.

"कुनाची चूक म्हनायची?"

मी लॅपटॉपवर वाकले. तो सहज विचारत होता. ऊन फार होतं.

२१ एप्रिल

उपाय सोपा. हाकमध्ये जुनी नावंही ठेवायची. ऐक म्हणा, आयक म्हणा, एकच. दहा ओळी जास्त. या दहा ओळी वाचवायला मी निघाले होते.

पण हे आता दूरवरून पाठवता येत नाही, कारण पाठवायचं ते हाकमधूनच, आणि बॉक्स बहिरे. सहाही ठिकाणी जायला हवं. मधली वाडी काल संध्याकाळी बोलायला लागली. आज शेवटच्या वस्तीला निघाले, तर अध्यक्ष नानासो ऑफिसाच्या दारातच उभे.

"बाई, आधी वरची वाडी घ्या."

"तिथे टँकर जातो. शेवटच्या वस्तीला जात नाही."

"आवं, वरच्या वाडीत दीडशे उंबरा. तिथं म्हातारी एकटी आनि चार मेंढरं. चार मेंढरांसाठी दीडशे उंबरा थांबवायचा? मीटिंगला काय सांगू मी?"

"क्रम गरजेनुसार हवा."

"क्रम तुमीच लावला हुता की मागं. लोकसंख्येप्रमाणं. ठरावात हाय."

आहे. मीच लिहिला होता.

वरच्या वाडीला गेले. वीज दुपारी तीनला गेली, पाचला आली. तोवर टाकीच्या सावलीत बसून राहिले. एकच झाली.

२२ एप्रिल

सकाळी ठरावाच्या क्रमाने आणखी एक टाकी. दुसऱ्या टाकीच्या शिडीवर डोळ्यांपुढे काळं आलं. बिराप्पाने धरलं नसतं तर पडले असते. त्याच्या मोटरसायकलवरून तालुक्याच्या दवाखान्यात. सलाईन. डॉक्टर मुलगा माझ्या नातवाच्या वयाचा. म्हणाला, "आजी, या वयात एप्रिलमध्ये टाकीवर कोण चढतं?"

आजी म्हणायचं काही कारण नव्हतं.

बिराप्पाला शिकवायचा प्रयत्न केला. लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला, सांगितलं ही तार इथे. तो हात मागे घेऊन बसला. "माज्याच्यानं बिघडलं तर तुमी जीव घ्याल बाई." त्याला असं का वाटावं? मी त्याच्यावर कधी हात उचललेला नाही.

२३ एप्रिल

सांगलीत, घरी. उठवत नाही. पंखा गरम हवा फिरवतोय. सुलाबाईला फोन लावला, लागला नाही. तिकडे बांधावर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही आणि तिचे गुडघे तसे. दुपारभर मनात एकच, दोन दिवस दे म्हटलं होतं.

२४ एप्रिल

धनाजीचा फोन. स्वतःहून.

"बाई, आपल्याला कळवावं म्हणून. आई आज पहाटे मेंढरं घेऊन निघाली आहे."

"कुठे?"

"नदीकाठाला. पलूसच्या बाजूला काका आहेत. दोन कोकरं दगावली. तिसरं आजारी होतं, ते तिने खांद्यावर घेतलं आहे."

"तिच्या गुडघ्यांना चालणं..."

"डॉक्टरांनी मनाई केली आहे. मला कल्पना आहे."

"मी उद्या जाणारच होते तिथे."

"होय बाई."

"तू तिला थांबवायला हवं होतंस."

तो मग म्हणाला, "आपली प्रकृती बरी नाही असं ऐकलं. काळजी घ्यावी." आणि फोन ठेवला. रागावून बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

२६ एप्रिल

काल दोन टाक्या, आज शेवटची. ओढा उतरून चालत गेले, बिराप्पाने लॅपटॉप डोक्यावर घेतला. सुलाबाईच्या दाराला कडी, कडीत बाभळीची काटकी. कुलूप नाही. मेंढ्या कोंडायच्या वाडग्यात लेंड्या वाळून पांढऱ्या पडलेल्या. मेंढ्यांना पाणी पाजायची डोण कोरडी, तिच्या तळाला मधमाश्या फिरत होत्या.

तार जोडली. तीच ओळ सरकत होती. नवा हाक घातला, दोन्ही नावांचा. बॉक्स उठला. आधी --आहे-का विचारलं, मग --हाय-का. दोन्हींना उत्तर आलं, टाकी रिकामी. --सोड दिलं. बऱ्याच वेळाने पाइपात हवा फुरफुरली आणि पाणी आलं, आधी तांबडं, मग स्वच्छ.

बिराप्पा म्हणाला, "लय ग्वाड वाटतंय न्हवं ह्यो आवाज?"

सहा टाक्या चालू. दादाला फोन करून सांगितलं. त्याने 'मी म्हटलं नव्हतं का' म्हटलं नाही. वहिनींनी दटावलं असावं.

२८ एप्रिल

संस्थेची बैठक. माझ्या कामाबद्दल अभिनंदनाचा ठराव. टाळ्या. मी म्हटलं, दोष माझ्या बदलाचा होता, त्याची नोंद करा. नानासो म्हणाले, "आसूं द्या हो बाई, यंत्र म्हनलं की व्हायचंच. चांगल्या कामात कशाला खोट काढता?" नोंद झाली नाही.

मग विषय दुसरा. शेवटच्या वस्तीवर सध्या राहतं कुणी नाही. टाकी भरून उभी. उन्हाळ्यात पाणी असं कोंडून ठेवणं बरं नव्हे. तिचा वाटा पावसाळ्यापर्यंत वरच्या वाडीला.

मी हरकत घेतली. "ती बाई पाणी नव्हतं म्हणून गेली."

"व्हय, पर गेली न्हवं?" नानासो म्हणाले. "दर सालीच जात्यात ती मंडळी. त्यांचं काय आनि घर."

"यंदा ती राहिली होती."

"आल्यावर अर्ज करू दे. लगेच मंजूर करू. मी सोता सही करतो."

हात वर झाले. माझा एकटीचा खाली. ठराव लिहायचा सचिवाने. लिहिला. चांगल्या अक्षरात लिहिला.

२९ एप्रिल

ठरावाप्रमाणे शेवटची टाकी बंद करायची होती. आज्ञा मीच द्यायची. --विराम दिलं. व्हॉल्व मिटला. तत्काळ उत्तर, 'बंद आहे.' एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काही एका फटक्यात झालं.

नानासोंनी शिवाय फाट्यावरचा मोठा व्हॉल्व हाताने फिरवून त्याला साखळी कुलूप घातलं. "यंत्राचा भरवसा न्हाई बाई, तुमीच बघितलंसा." किल्ली त्यांच्या खिशात.

१ मे

सकाळी झेंडावंदन करून घरी आले, तोच सुलाबाईचा फोन. मागे टेम्पोचे हॉर्न, मेंढ्यांचे आवाज.

"बाई, मी सुला बोलतीया. मनेराजुरीच्या अल्याड हाय."

"मनेराजुरी? तू तर पलूसला..."

"व्हय, गेलती. बिराप्पाचा फोन आलता दिराच्या पोराला, टाकी भरली म्हनून. तवाच फिरली मागं. दीर म्हनला, ऱ्हा आता, आलीयास तर. म्या म्हनलं, न्हाई गड्या, बाईनी एवढं उन्हातानात टाकीवर चढून केलंय, माज्यासाठी आजारी पडली ती बाई, मी हितं कशाला बसू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाई?"

"हो, आहे."

"गुडघं लय सुजल्यात. पर आता एक दीस. उद्या दुपारच्या पोचती बगा."

"सुलाबाई, तू तिथेच जरा थांबशील का? एक-दोन दिवस?"

"हितं? हितं समदी द्राक्षं हाईत बाई, कोन मेंढरू घालू देतंय? पानी तर न्हाईच. काय झालंया का?"

"नाही. मी पाहते."

फोन ठेवून नानासोंना लावला. बंद. पुन्हा लावला. घरी लावला. सूनबाई म्हणाल्या, मामंजी कर्नाटकात लग्नाला गेलेत, परवा येतील, किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याच कमरेला असतो.

मशीनपुढे बसले. ऑफिसातला हाक आता घरूनही लावता येतो. शेवटची टाकी, --सोड. उत्तर आलं, 'सोडलं आहे.' --प्रारंभ दिलं. 'सोडलं आहे.' बॉक्स खरंच सांगतोय, त्याचा व्हॉल्व उघडा आहे. --हाय-का विचारलं. टाकी रिकामी. नानासोंनी तळाची तोटी उघडून साठलेलंही काढून घेतलं असावं. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. रिकामी.

बिराप्पाला फोन केला. तो सगळं ऐकून म्हणाला, "साखळी काय मोटी न्हाई बाई. छन्नी मारली की तुटंल. तोडू का?"

"ठरावाशिवाय नाही तोडता येणार."

"ठराव गेला चुलीत. म्हातारी येतीया."

"ते कुलूप संस्थेचं आहे, बिराप्पा. तू तोडलंस तर नानासो तुझं काम काढून घेतील. मी नाही वाचवू शकणार."

तो मग म्हणाला, "तुमी नुसतं तोड म्हना. बाकीचं माज्यावर."

तोंडापर्यंत शब्द आला होता. म्हटलं, "नको. मी नानासोंना पुन्हा लावते."

समितीतल्या तिघांना फोन केले. एक म्हणाला अध्यक्षांना विचारा. एक म्हणाला अर्ज आलाय का? तिसऱ्याने महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा दिल्या. टँकरवाल्याला लावलं, तो म्हणाला ओढ्यात गाडी घालत नाही, दुप्पट दिले तरी नाही.

संध्याकाळी सुलाबाईचा पुन्हा फोन. मी आधी बोलायचं ठरवलं होतं. वाक्यही मनात जुळवून ठेवलं होतं.

तिने बोलूच दिलं नाही. "बाई, एकच काम. बिराप्पाला सांगा, उद्या सकाळच्यालाच डोण भरून ठिव म्हनावं. कोकरं आल्या आल्या तोंड घालत्यात, तवा पानी तयार पायजे. सांगताय न्हवं?"

मी हो म्हणाले.

नानासोंचा फोन अजून बंद आहे.